डेल्टा सेफी अपडेट: दोन कॉम्प, दोन उत्तरं, आणि एकदाचा सापडलेला ०.१३

सापडला एकदाचा! म्हणजे डेल्टा सेफी या तेज कमी-जास्त होणाऱ्या ताऱ्याचं तेज कॅमेऱ्यानं मोजताना माझ्या उत्तरांत जो ०.१३ चा फरक यायचा, त्याचं कारण. मागच्या वेळी लेन्स बदल, कॅमेरा बदल असं सांगणाऱ्यांनी ऐका, काहीही बदललेलं नाही, तोच सेकंडहँड १२००डी कॅमेरा, तीच ५० एमएम एफ/४ वर, तोच डुगडुगता ट्रायपॉड.

भानगड आठवतेय ना, झीटा सेफी कॉम्प (तेजाची तुलना करायला घेतलेला शेजारचा तारा) धरला की डेल्टा जास्त तेजस्वी निघायचा आणि एप्सिलॉन धरला की मंद, आणि दोन्ही उत्तरांत फरक रोज तेवढाच, ०.१३ मॅगच्या आसपास (मॅग म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद). ०.१ म्हणजे काय एवढं असं वाटेल, पण तेजावरून ताऱ्याचं अंतर काढायचंय, त्यात ५ टक्के जातात की.

पहिला संशय अर्थातच एक्स्टिंक्शनवर, म्हणजे हवेत प्रकाश अडून तारा मंद दिसण्यावर. डेल्टाचं डेक्लिनेशन (आकाशातला अक्षांश) +५८, आपण १७.७ अक्षांशावर, त्यामुळं सोलापुरातून तो कितीही चढला तरी ४९ अंशांवर थांबतो, त्यात माझ्या गच्चीवरून उत्तरेला अख्खं शहर आणि त्याची धूळ. पण तिन्ही तारे अडीच-तीन अंशांतच आहेत, एअरमास (मधल्या हवेची जाडी) जवळपास सारखाच, तिथून ०.१३ येणं शक्यच नाही. मग फ्लॅट, म्हणजे फ्रेममधला कमी-जास्त उजेड सुधारायला काढलेले एकसारख्या प्रकाशाचे फोटो. त्यासाठी लेन्सवर मांजरपाटाची दुहेरी घडी ताणून संध्याकाळच्या आकाशाचे फोटो काढतो, मस्त येतात (टॉवेलांच्या गावात राहतो म्हणून टेरी टॉवेल वापरू नका, पीळ दिसतात). फ्लॅट लावूनही आकडा हलला नाही.

मग डेल्टा बाजूलाच ठेवला आणि नुसते दोन कॉम्प एकमेकांशी ताडले. कॅटलॉगप्रमाणे एप्सिलॉन ४.१९, झीटा ३.३५, फरक ०.८४. माझ्या ग्रीन चॅनलमध्ये (कॅमेऱ्याच्या फक्त हिरव्या पिक्सेलमध्ये) येतो ०.७१. म्हणजे डेल्टाचा काही संबंधच नाही, गडबड या दोघांतच! झीटा आहे नारिंगी, बी-व्ही (रंगाचा आकडा, जितका मोठा तितका तारा लालसर) १.५७, एप्सिलॉन पांढरट, ०.२८. आणि कॅमेऱ्याचा हिरवा फिल्टर म्हणजे जॉन्सनचा व्ही (कॅटलॉगचे आकडे ज्यात असतात तो प्रमाणित फिल्टर) नव्हे, तो जरा निळ्याकडं सरकलेला असतो, त्यामुळं नारिंगी तारा त्याला असतो त्यापेक्षा मंद दिसतो.

हे खरं की नुसती थिअरी ते बघायला हायेड्स हा तारकागुच्छ गाठला, रोहिणीचा तो इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार, आपल्याकडं जवळजवळ डोक्यावरून जातो म्हणून हवेचा त्रास कमीत कमी. पांढऱ्यापासून नारिंगीपर्यंत सगळे रंग एकाच फ्रेममध्ये. रोहिणी सॅच्युरेट झाली (इतकी तेजस्वी की मोजता येईना), जाऊ दे, तशीही ती त्या गुच्छातली नाहीच, ६५ प्रकाशवर्षांवर आहे आणि गुच्छ दीडशेच्या आसपास. बाकीच्यांचा कॅटलॉग व्ही उणे माझा ग्रीन, समोर बी-व्ही, एक्सेलमध्ये रेघ मारली तर उतार उणे ०.१०. आता रंगातला फरक १.२९ गुणिले ०.१०. ०.१३!! रात्री दीड वाजता गच्चीवर एकटाच हसत होतो, खालून आई ओरडली काय रे झालं म्हणून.

पण एप्सिलॉन सरळ माणूस नाही. रंग सुधारल्यावरही तो तासाभरात वर-खाली करायचा. तो स्वतःच डेल्टा स्कूटी प्रकारचा (झपाट्यानं तेज बदलणारा) तारा आहे, पिरियड साधारण तासाचाच, काही शतांश मॅगचा हेलकावा. म्हणजे रंगाला बरा तो हलतो आणि न हलणारा नारिंगी, काय नशीब! आता सलग तासभराच्या फ्रेम्सची सरासरी घेतो आणि झीटा कलर करेक्शनसह मुख्य कॉम्प धरतो. डेल्टाचाही रंग चक्रात बदलतो, मंद होतो तेव्हा पिवळा पडतो, त्यामुळं करेक्शन प्रत्येक रात्रीचं वेगळं, एकच आकडा सगळीकडं लावून चालत नाही.

आणि डेल्टाच्या तेजाचा कर्व्ह काय आलाय! दीडेक दिवसात सरसर चढ आणि मग चार दिवस रमतगमत उतार. सगळी चक्रं एकावर एक फोल्ड करून पिरियड ५.३७ दिवस. १७८४ साली जॉन गुडरिक या आकाशनिरीक्षकानं हे नुसत्या डोळ्यांनी पकडलं, विशीतला पोरगा, ऐकूही येत नव्हतं त्याला, आणि मी इथं डमी बॅटरीवर (कॅमेऱ्याला वायरनं वीज देणारी) चिडतोय. (ती ज्या ऑनलाइन दुकानातून घेतली तिथून परत काही घेणार नाही, थंडीत दर अर्ध्या तासानं बंद पडते.)

अंतराचं गणित: लेविटचा नियम (अशा ताऱ्याचा पिरियड जितका मोठा तितका तो मुळात तेजस्वी), हबल दुर्बिणीनं पॅरलॅक्सवरून थेट मोजलेल्या अंतरांवर बसवलेला; एम म्हणजे खरं तेज मॅगमध्ये, पी म्हणजे पिरियड दिवसांत: एम = उणे २.४३ × (लॉग पी − १) − ४.०५. माझ्या पिरियडला उणे ३.३९ येतं. सरासरी व्ही ३.९५ धरला की २९४ पार्सेक. मधल्या धुळीचे ०.२३ मॅग वजा केले की २६४. हबलनं थेट मोजलेलं २७३, म्हणजे ८९० प्रकाशवर्षं. गच्चीवरून ३ टक्क्यांत! धुळीचा आकडा पेपरमधून उसना घेतलाय हे मान्य, तो स्वतः काढायला निळा चॅनलही नीट कॅलिब्रेट करावा लागेल.

निळ्यावरच बसणार होतो, पण डेल्टा आता अंधार पडतो तोवर वायव्येला कलतोय, आणि तेवढ्यात सोलापूरची गड्डा जत्रा, होम मैदानावरच्या पाळण्यांचे दिवे आणि शोभेच्या दारूचा धूर. हे लिहिता लिहिता सुचलं, मिथुनेतला डेल्टासारखाच तारा, झीटा जेमिनोरम का नको? डेक्लिनेशन +२०.६, म्हणजे खस्वस्तिकापासून (बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून) ३ अंश, आणि कापा जेमिनोरम कॉम्प म्हणून रंगानं अगदी जवळचा. शिवाय पिरियड १०.१५ दिवस, लॉग जवळजवळ १, म्हणजे सूत्रातला कंस शून्यच! उतार कितीही चुकीचा असला तरी फरक पडत नाही. ठरलं, निळा चॅनल पुढं ढकलला, शनिवारपासून मिथुन.

१२००डीवाल्यांनी आपापला ग्रीनचा उतार टाका, माझा उणे ०.१० आहे, सगळ्यांचा तेवढाच येतो की बॉडीगणिक बदलतो ते बघायचंय.