बाइकला डॅशकॅम बसवताना घोडं अडलं ते वायरिंगपाशी

डॅशकॅम म्हणजे गाडी चालू असेपर्यंत रस्त्याचं चित्रण करत राहणारा कॅमेरा. तो निवडायला मला फार वेळ लागला नाही. बसवायलाही नाही. माझे हेलपाटे झाले ते त्याला वीज कुठून द्यायची यावरून, आणि सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ऐकलेल्या एका वाक्यावरून. तो संताप अजून पुरता उतरलेला नाही. ज्यांची गाडी वॉरंटीत आहे आणि ज्यांना हेच करायचंय, त्यांनी हे वाचून मग पैसे घालावेत.

मी साताऱ्याचा, कामासाठी पुण्याला बाइकनेच येतो-जातो. शिरवळजवळ सर्व्हिस रोडवरून घुसलेल्या एका कारने माझा मागचा इंडिकेटर उडवला, सायलेन्सर घासला आणि ड्रायव्हरने खाली उतरून मलाच दम भरला. बघ्यांपैकी कोणीही पुढे आलं नाही. हायवेला रोज असणाऱ्या माणसाकडे स्वतःचा पुरावा हवा, एवढं मला तेव्हा कळलं.

आधी मित्राचा ॲक्शन कॅमेरा (ट्रिपचे व्हिडिओ काढायचा छोटा, दणकट कॅमेरा) हँडलला क्लॅम्पने लावून पाहिला. माझी गाडी साडेतीनशे सीसीची, एका सिलिंडरची. चौथ्या गिअरला वेग धरला की व्हिडिओतले विजेचे खांब वितळल्यासारखे वाकडे दिसायला लागतात. अशा कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र एका झटक्यात न घेता ओळीओळीने वाचतो. त्यात इंजिनाची बारीक, जलद थरथर मिसळली की चित्र लाटांसारखं हलतं. सॉफ्टवेअरचं स्टॅबिलायझेशन खड्ड्याचा धक्का छान सांभाळतं, पण ही थरथर त्याच्या आवाक्यातली नाही. तोच कॅमेरा हेल्मेटच्या हनुवटीवर लावला तर चित्र एकदम स्थिर, कारण मधे आपलं अख्खं शरीर धक्का खातं. ट्रिपचे व्हिडिओ करायचे असतील तर डोळे मिटून हनुवटीवर लावा. मात्र हेल्मेटला भोक पाडू नका. आयएसआयची चाचणी अखंड हेल्मेटची झालेली असते. चिकटपट्टीचा माउंट पुरतो. काच पुसायच्या स्पिरिटने जागा साफ करायची, पट्टी दाबून बसवायची आणि तीन दिवस हात लावायचा नाही. त्या पट्टीला व्हीएचबी टेप म्हणतात, तिची पूर्ण पकड यायला 72 तास लागतात, आणि लोक संध्याकाळी चिकटवून सकाळी ताम्हिणीला निघतात.

मोबाईल हँडलला लावून शूटिंग करण्याचा विचार असेल तर सोडून द्या. ताकदीच्या मोटरसायकल इंजिनाच्या थरथरीने आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असं ॲपलनेच सप्टेंबर 2021 मध्ये जाहीर केलंय.

रोजच्या पुराव्यासाठी मात्र ॲक्शन कॅमेरा चालत नाही. बॅटरी सांभाळा, बटण दाबायची आठवण ठेवा, आणि 100 एमबीपीएसवर चित्रण केलं तर ताशी 45 जीबी कार्ड खातं. मला चावी फिरवली की सुरू आणि चावी काढली की बंद, असं हवं होतं. म्हणून बाइकसाठीचा दोन लेन्सचा डॅशकॅम घेतला. एक लेन्स हेडलाइटच्या खाली, दुसरी नंबर प्लेटच्या वर आणि रेकॉर्डिंगचा डबा सीटखाली. लेन्सचे नट लावताना निळं लॉकटाइट (नटाचे आटे धरून ठेवणारा डिंक) वापरा, नाहीतर थरथरीने ते महिन्याभरात ढिले पडतात. मागची लेन्स नंबर प्लेटचा एकही आकडा झाकणार नाही, हेही बघा.

आता वीज.

पोवई नाक्याजवळचे माझे ओळखीचे ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, आम्ही त्यांना मामा म्हणतो. ते म्हणाले, "तासाभराचं काम आहे. पण तुझी गाडी वॉरंटीत आहे. आधी कंपनीत विचारून ये, उद्या हेडलाइट जरी गेला तरी ते माझ्याकडं बोट दाखवतील." सल्ला अगदी योग्य होता. मी सर्व्हिस सेंटरला गेलो.

काउंटरवरच्या ॲडव्हायझरने मान वर न करता सांगितलं, "वायरिंगला हात लावला की वॉरंटी संपली, सर." इलेक्ट्रिकल पार्टची की सगळी? "सगळी." म्हणजे कॅमेरा लावला म्हणून उद्या गिअरबॉक्सही बघणार नाही? "कंपनीची पॉलिसी आहे." मी म्हटलं, कुठे लिहिलंय ते दाखवा. पुस्तिका माझ्या डिकीतच होती. त्यात लिहिलं होतं ते इतकंच: बाहेरची इलेक्ट्रिकल ॲक्सेसरी लावल्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही. "लावल्यामुळे झालेलं" या दोन शब्दांत आणि "वॉरंटी संपली" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी ती ओळ बोट ठेवून वाचून दाखवली. उत्तर आलं, मॅनेजरांशी बोला.

मॅनेजर राउंडला. पुढच्या खेपेला मॅनेजर मीटिंगला. भेटले तेव्हा म्हणाले, कंपनीला मेल करा, त्यांनी लेखी दिलं तर आमची हरकत नाही. मेल केला. उत्तर आलं की कृपया जवळच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा. त्या मेलची प्रिंट काढून मी पुन्हा काउंटरवर ठेवली, तर ॲडव्हायझर म्हणाला यात परवानगी कुठे आहे? या टोलवाटोलवीत कॅमेऱ्याचं खोकं कपाटात पडून होतं आणि मी रोज खंबाटकी ओलांडत होतो.

सगळ्यात जास्त चीड आली ती वेगळ्याच कारणाने. त्याच शोरूमच्या दर्शनी काचेत फॉग लाइट आणि मोबाईल चार्जर विकायला ठेवले होते. तेही त्याच बॅटरीवर, त्याच वायरिंगमधून चालतात. मी मॅनेजरांना तिथे उभं करून विचारलं की हा चार्जर तुम्ही कुठे जोडता? त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, पण मागे उभ्या असलेल्या वयस्क मेकॅनिककडे होतं. ते मला आत घेऊन गेले, दुसऱ्या एका गाडीचा हेडलाइट उघडलाच होता, आणि तारांच्या गुंत्यातून त्यांनी काळी टोपी घातलेला दोन पिनांचा कपलर, म्हणजे तारा जोडायचा प्लग, बाहेर काढला. "दादा, हा ॲक्सेसरीचा. सगळ्या गाड्यांना येतो. चार्जर यालाच लागतो." टोपी काढून मल्टिमीटर लावला. चावी चालू केल्यावर साडेबारा व्होल्टच्या आसपास, बंद केल्यावर शून्य. मला हवं होतं नेमकं तेच! एकही तार कापायची नाही, सोलायची नाही, सांधायची नाही. शिवाय त्या लाइनला स्वतःचा फ्यूज आहे, आणि असा डॅशकॅम बारा व्होल्टवर साधारण एक अँपिअरच्या आतच भागवतो.

जोडीचा कपलर मामांनी आणला, तारांना पिना दाबून बसवल्या आणि एवढ्या दिवसांचं अडलेलं काम जेवणाच्या सुट्टीआधी संपलं. त्यानंतर मी गाडी नियमित सर्व्हिसिंगला दिली आणि जॉब कार्डवर (सर्व्हिसिंगच्या कामाच्या नोंदीचा कागद) आग्रहाने लिहून घेतलं: "ग्राहकाचा डॅशकॅम ॲक्सेसरी कपलरवर जोडलेला, मूळ वायरिंग अखंड." त्यावर शिक्का आणि सही. ॲडव्हायझर नाखूश होता, पण त्याने लिहिलं. त्या कागदाचा मला खरंच अभिमान आहे. तोंडी काही मान्य करू नका. जे सांगतील ते जॉब कार्डवर मागा. आणि काउंटरवर वेळ घालवण्याआधी थेट मेकॅनिकला गाठा, ज्याचे हात काळे आहेत त्याला गाडी माहीत असते.

वायरिंगबद्दल राहिलेलं. डॅशकॅमला तीन तारा असतात: कायमचा पुरवठा, चावीचा पुरवठा आणि अर्थिंग. काळी अर्थिंगची. लाल आणि पिवळीचे अर्थ मात्र कंपनीगणिक उलटसुलट असतात, म्हणून रंगावर न जाता सोबतचं पत्रक वाचा. मी दोन्ही पुरवठ्याच्या तारा त्या एकाच कपलरवर घेतल्या, कारण माझ्या पत्रकात तशी मुभा होती. याने गाडी उभी असतानाचं रेकॉर्डिंग मिळत नाही, पण रात्रभरात बॅटरी उतरून सकाळी सेल्फ न लागण्याची भीतीही राहत नाही. हँडलपाशी तार सैल सोडा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून ताण येत नाही ना ते बघूनच टाय ओढा. कपलरचं तोंड खाली हवं, साताऱ्याचा पाऊस वरूनच नाही, चाकाखालूनही येतो.

सेटिंगमध्ये जी-सेन्सर, म्हणजे धक्का ओळखणारा सेन्सर, सर्वांत कमी ठेवा किंवा बंदच करा. आपल्या रस्त्यांवर तो प्रत्येक खड्ड्याला अपघात समजतो, ती फाइल लॉक करतो (म्हणजे कार्ड भरल्यावर जुन्या फाइली पुसताना ती पुसली जात नाही), आणि लॉक झालेल्या फाइलींनी कार्ड भरलं की नवं रेकॉर्डिंग थांबतं. फ्रिक्वेन्सी आपल्याकडच्या विजेप्रमाणे 50 हर्ट्झवर ठेवा. माझा 60 वर आला होता आणि खंबाटकीच्या बोगद्यात सगळं चित्र लुकलुकत होतं. कार्ड "हाय एन्ड्युरन्स" लिहिलेलंच घ्या, साधं कार्ड सततच्या पुसण्या-लिहिण्याने लवकर मरतं. धावत्या गाडीचा नंबर लांबून वाचता येईल अशी आशा ठेवू नका. इतक्या रुंद लेन्सला तो जवळूनच स्पष्ट दिसतो.

तारीख-वेळ बरोबर आहे का ते अधूनमधून तपासा. काही घडलंच तर कार्ड लगेच काढून बाजूला ठेवा, दुसरं घाला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे असा व्हिडिओ कोर्टात द्यायचा तर सोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइलच्या मजकुरावरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा आकडा) भरायची असते. व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या क्लिपची हॅश मूळ फाइलशी जुळत नाही, म्हणून मूळ कार्ड वकिलाच्या हातात पडेपर्यंत कोणालाही देऊ नका.