दहा वाजता डिस्चार्ज

हॉटेलात पैसे मोजले की माणूस मालक होतो. टॉवेल बदलून मागतो, रात्री बाराला सँडविच मागवतो, एसी चालेना झाला की रिसेप्शनवर आवाज चढवतो. जपानमधल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर जुन्या पद्धतीच्या ज्या सराया आहेत, ज्यांना ऱ्योकान म्हणतात, तिथे त्याहून कितीतरी जास्त पैसे मोजायचे आणि सांगितलेलं मुकाट ऐकायचं. चपला इथे काढा. तीनच्या आधी येऊ नका. हे कपडे घाला. आधी चहा, मग अंघोळ. जेवण साडेसहाला. उद्या दहा वाजता खोली सोडा. आणि एवढं सगळं ऐकून घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी बाहेर पडतो तो तक्रार करत नाही, टवटवीत होऊन पडतो.

असं का होतं याचं उत्तर मला आत्याकडून मिळालं. तिचा मुलगा नोकरीनिमित्त कोबेला असतो. त्याच ह्योगो प्रांताच्या दुसऱ्या टोकाला, जपानच्या समुद्राच्या अंगाला, किनोसाकी नावाचं झऱ्यांचं गाव आहे. त्याने आम्हा दोघींना ‘हामाकाझे’ गाडीत बसवून दिलं आणि स्वतः ऑफिसला गेला. डोंगर ओलांडेपर्यंत लख्ख ऊन, पलीकडे घोटाभर बर्फ. ऱ्योकानमध्ये आमची खोली सांभाळणाऱ्या नाकाई-सान, साठीच्या असाव्यात, गुडघ्यांवर बसून दार सरकवून आत आल्या, चहा आणि लाल चवळीसारख्या कडधान्याचा गोड वडा पुढे ठेवला, आमच्या उंचीचा नजरेनेच अंदाज घेतला आणि त्या मापाचे युकाता, म्हणजे सुती झगे, आणून दिले. डावी बाजू वर घ्यायची, हे त्यांनी हातवारे करून पुन्हा पुन्हा बजावलं, कारण उजवी वर घेतात ती प्रेताला. त्या वाकून, दार सरकवून निघून गेल्या. युकातातली आत्या तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटईवर, पाय पसरून बसली, चहाचा घोट घेतला आणि म्हणाली, “अगं, हे ॲडमिट झाल्यासारखंच आहे की! फक्त सलाइन नाही.”

अगदी खरं. आल्या आल्या आपले कपडे जातात आणि त्यांचे अंगावर येतात. आपलं बूट-सामान कुठे गेलं ते कळत नाही. चहा, जेवण, अंथरूण यांच्या वेळा दुसऱ्याने ठरवलेल्या. ठराविक वेळी कुणीतरी आत येऊन आपल्याकडे बघून जातं. आपण आडवं पडायचं आणि बरं व्हायचं.

आत्याचं निदान इतिहासालाही धरून आहे, हे मला नंतर कळलं. आज जोडपी वीकेंडला येतात ती हौसेखातर, पण या सराया मुळात आजाऱ्यांसाठीच वाढल्या. गुडघे धरलेले शेतकरी, जखमी सैनिक, कातडीच्या रोगाने गांजलेले लोक झऱ्यावर येऊन राहायचे. सात दिवसांचा एक फेरा, असे तीन फेरे केले की उपचार पुरा, हा जुना हिशेब. म्हणजे एकवीस दिवस. त्यासाठी तांदूळ-भाजी बरोबर आणून स्वतः रांधून खाण्याचीही पद्धत होती. उत्तरेकडे अकिता प्रांतात तामागावाला पाणी इतकं आंबट आहे की त्याचा पीएच १.२ च्या आसपास भरतो, म्हणजे लिंबाच्या रसालाही मागे टाकणारा. तिथे अजूनही लोक मुक्काम ठोकून उपचार घेतात. किनोसाकीचा सगळ्यात प्रसिद्ध पेशंट म्हणजे लेखक शिगा नाओया. १९१३ साली तोक्योत यामानोते लाइनच्या गाडीची धडक बसून तो चांगलाच जखमी झाला आणि बरा व्हायला इथे येऊन तीनेक आठवडे राहिला. गावाने त्याची आठवण अजून जपली आहे. तिथल्या झऱ्याची कथासुद्धा आजाऱ्यांचीच: दोची शोनिन नावाच्या साधूने लोकांच्या व्याधी जाव्यात म्हणून हजार दिवस प्रार्थना केली आणि ७२० साली पाणी वर आलं. त्याआधी एक करकोचा दुखरा पाय गावातल्याच दुसऱ्या झऱ्यात बुडवून बरा झाला, असंही सांगतात. त्या करकोच्याच्या नावाने तिथे एक स्नानगृह आहे.

अशी सार्वजनिक स्नानगृहं गावात सात आहेत आणि मुक्कामी पाहुण्याला सगळ्यांचा पास मिळतो. गावकरी म्हणतात, सगळं गाव मिळून एकच ऱ्योकान आहे: स्टेशन म्हणजे दार, रस्ते म्हणजे ओसऱ्या, सराया म्हणजे खोल्या आणि ही सात म्हणजे न्हाणीघरं. ऐकायला छान वाटतं, पण हे असं राहावं म्हणून गाव भांडलेलं आहे. १९२५ च्या भूकंपात आणि त्यामागून लागलेल्या आगीत किनोसाकी जळून गेलं. पुन्हा उभं राहत असताना, १९२७ साली एका जुन्या सरायीने आपल्या आवारातच झऱ्याच्या पाण्याचं स्नानगृह काढलं. पाणी गावाचं, ते एकट्याने आत कसं घ्यायचं, म्हणून लोक कोर्टात गेले. तडजोड व्हायला १९५० उजाडलं. मधे एक महायुद्ध होऊन गेलं, पण खटला चालूच! कोकणातल्या माणसाला हे जरा जास्तच जवळचं वाटतं. शेवटी आतल्या स्नानगृहांना परवानगी मिळाली, पण ती लहानच ठेवायची. त्यामुळे आजही माणूस संध्याकाळी युकातावर जाड कोट चढवतो, पायात लाकडी गेता घालतो आणि खटॅक खटॅक करत रस्त्यावर येतो.

रस्ता म्हणजे एका ओढ्याएवढ्या नदीचे दोन काठ, वर पूल, कडेला वाळुंजाची झाडं. प्रत्येक ऱ्योकानच्या युकाताची नक्षी वेगळी. त्यामुळे कुठल्या वॉर्डातला पेशंट कुठे फिरतोय, हे गावातल्या कुणालाही लांबून कळतं. आम्ही एका वळणावर रेंगाळलो तर दुकानातल्या बाईंनी आमच्या कपड्यांकडे बघून न विचारताच आमच्या सरायीची दिशा दाखवली.

आता अंघोळ. इथे सगळ्यांची गाडी अडते, कारण आत अंगावर काही ठेवायचं नसतं. ना पोहण्याचा पोशाख, ना गुंडाळलेला टॉवेल. मी आत्याच्या तोंडाकडे बघत होते. चिपळूणच्या सोवळ्या-ओवळ्याच्या घरात वाढलेली बाई, पंच्याहत्तरीला आलेली. ती पदराची पिन काढावी तितक्या सहज म्हणाली, “मागे हर्नियाच्या ऑपरेशनला नेलं, तेव्हा मला कुणी विचारलं होतं? इथे निदान पाणी तरी गरम आहे.” आणि गेली पुढे. तिच्या मनगटावर लहानपणी गोंदलेलं तुळशीवृंदावन आहे. जपानात बऱ्याच स्नानगृहांत गोंदलेल्या माणसाला आत सोडत नाहीत, कारण तिथे गोंदण म्हटलं की डोळ्यांसमोर गुंड येतात. किनोसाकीच्या सातही ठिकाणी मात्र कुणाला मज्जाव नाही. शेजारच्या एका आजींनी ते गोंदण वाकून पाहिलं, मान डोलावली आणि सरकून आत्याला जागा करून दिली.

टाकीत उतरण्याआधी भिंतीकडे तोंड करून बुटक्या स्टुलावर बसायचं, साबण लावून नखशिखांत स्वच्छ व्हायचं, फेसाचा ठिपका राहू द्यायचा नाही, स्टूल धुवून जागेवर ठेवायचं. “म्हणजे अंघोळ करून मग अंघोळीला जायचं!” आत्या. नॅपकिनएवढा एक टॉवेल असतो, तो पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवायचा. पाणी बेचाळीस अंशांच्या घरात. पहिल्या क्षणी पाय मागे येतो. मग पोटरी, गुडघा, कंबर असं एकेक आत देत गेलं की गळ्यापर्यंत पोचल्यावर तोंडातून जो आवाज निघतो, तो सगळ्या देशांत सारखाच असावा. इचिनो-यु नावाच्या स्नानगृहात खडक कोरून गुहा केली आहे. तिथल्या वाफेत आम्ही सहा-सात बायका नुसती डोकी वर ठेवून बसलो होतो, प्रत्येक डोक्यावर एक घडी.

आत्याची एकच तक्रार: गंधकाचा वास नाही. तुरळला हायवेलगत गरम पाण्याचं कुंड आहे, तिथे ती लहानपणी खरूज झाली म्हणून गेली होती, तेव्हापासून वासाशिवाय गुण नाही अशी तिची पक्की समजूत. किनोसाकीचं पाणी मिठाचं आहे, ओठांना खारट लागतं, वास जवळजवळ नाहीच. मग मी तिला जपानचा कायदा सांगितला. १९४८ साली त्यांनी ओनसेन, म्हणजे गरम पाण्याचा झरा, कशाला म्हणायचं हे ठरवून टाकलं: जमिनीतून येताना पाणी २५ अंश किंवा त्याहून गरम हवं, नाहीतर ठरलेल्या १९ द्रव्यांपैकी एखादं तरी त्यात पुरेसं हवं. दोन्हींतलं एक असलं तरी पास. “पंचवीस?” आत्या म्हणाली. “तुझ्या मालवणच्या विहिरीवर पाटी लाव मग.” हिशेबाने तिचं चुकत नव्हतं.

साडेसहाला जेवण म्हणजे साडेसहाला. हिवाळ्यात लोक इथे झऱ्याइतकेच खेकड्यासाठी येतात. नोव्हेंबरच्या ६ तारखेपासून मार्चच्या २० पर्यंत इथल्या समुद्रात लांब पायांचा मात्सुबा खेकडा पकडता येतो, एरवी हात लावायचा नाही. जवळच्या त्सुइयामा बंदराचा असला तर पायात निळा बिल्ला असतो. माझं सासर मालवणचं, त्यामुळे या विषयात मला मत आहे. आधी तो कच्चाच आला: पाय सोलून बर्फाच्या पाण्यात टाकलेले, मांसाचे धागे धागे फुललेले. मग निखाऱ्यावर भाजून. मग भाज्यांबरोबर उकळत्या रश्शात. शेवटी त्याच रश्शात भात आणि अंडं घालून केलेली पेज. वाटप नाही, तिखटाचा कण नाही. सासूबाई असत्या तर कुर्ली वाया घालवली म्हणाल्या असत्या. पण भाजलेल्या कवटीतला तो करडा-हिरवा, चिकट, कडवट-गोड गर काढून खाल्ला आणि मी निमूटपणे मसाल्याची बाजू सोडून दिली.

आत्या शाकाहारी. हे इथे आयत्या वेळी सांगून चालत नाही, कारण ज्यात मासा दिसत नाही त्यातही सुकवलेल्या बोनितोचा अर्क असतो, आणि जेवण तर आधीच ठरलेलं. मुलाने बुकिंग करतानाच कळवलं होतं, म्हणून तिच्यासाठी सगळं कोंबू शेवाळ आणि सुक्या शिताके अळंबीच्या पाण्यात वेगळं केलं होतं. टोफू, भोपळ्याचा आणि कमळकाकडीचा तळलेला काप, तिळाचं काहीतरी गारेगार. बोटभर बोटभर पदार्थ, प्रत्येकाला वेगळी वाटी. आत्याने सगळं कौतुकाने खाल्लं, पण तिची नजर दाराकडे. भात कुठाय? तिथल्या रिवाजात भात येतो सगळ्यात शेवटी, लोणचं आणि मिसो सूपबरोबर. कोकणातल्या बाईला दीड तास भाताची वाट बघायला लावणं हा एवढाच जुलूम मी त्या घराच्या खाती मांडेन. हो, आणि उशी. कुट्टूच्या दाण्यांच्या सालपटांनी भरलेली, कूस बदलली की कानात खसखसणारी. नाकाई-साननी ती बदलून दिली, पण तोवर आत्याला तीच आवडू लागली होती.

जेवणघरातून परत आलो तर खोली तीच राहिली नव्हती. मधलं बुटकं टेबल भिंतीशी गेलं होतं आणि भिंतीतल्या कपाटातून गाद्या निघून अंथरल्या गेल्या होत्या, पांढऱ्याशुभ्र, दुलईचा कोपरा दुमडून. सकाळी आम्ही तोंड धुऊन येईस्तोवर त्या पुन्हा कपाटात. एकाच खोलीत बसायचं, झोपायचं, आणि आपल्याला फक्त पायाखालची तातामी ओळखीची. घरी हे गाद्या घालणं-काढणं मी जन्मभर केलं आहे. ते दुसऱ्या कुणी, आपण समोर नसताना, काही न बोलता केलेलं पाहणं हीच मला वाटतं या सगळ्या पैशांची खरी किंमत आहे. पाणी तर तुरळलाही आहे.

सकाळी सातला स्नानगृह उघडतं आणि पहिल्या माणसाला लाकडी बिल्ला मिळतो, असं ऐकून आत्याने मला अंधारात उठवलं. बर्फात आमच्या आधी म्हातारबुवांची रांग उभी होती. बिल्ला गेला, अंघोळ झाली. मग भाजलेला मासा, ताकासारख्या रंगाचं सूप, खारवलेलं आंबट जर्दाळू, आणि आत्यासाठी यावेळी आधी भात. कुणी सांगितलं होतं कोण जाणे, आम्ही तर तक्रार केली नव्हती.

मग घड्याळ. एकवीस दिवसांचा तो उपचार आता जपानी लोकांसाठीही एका रात्रीवर आला आहे. एवढी सुट्टी कुणाला आहे, आणि एवढे पैसे तरी! त्यामुळे सांगितलेलं ऐकायची सवय जरा अंगवळणी पडते न पडते, तोच दहा वाजतात. बिलात १५० येन स्नानकर वेगळा लावलेला दिसला. माणशी. आत्याने चष्मा लावून तो आकडा दोनदा वाचला. नाकाई-सानच्या हातात काहीतरी ठेवायचा तिचा प्रयत्न दोन्ही हातांनी, हसून परतवला गेला. तेव्हा तिने पिशवीतून आमसुलांची पुडी काढली आणि ती मात्र वाकून घेतली गेली. आमचे बूट दाराशी, टोकं बाहेरच्या दिशेला करून, मांडून ठेवलेले होते.

गाडीत बसल्यावर आत्याने पहिला प्रश्न विचारला, “आता कोबेला गेल्यावर चहा कोण टाकणार?”

“तुझा मुलगा,” मी म्हटलं.

“त्याला आधी फोन कर,” ती म्हणाली, “आणि वेळ सांगून ठेव.”