तुम्ही विचारलंत म्हणून: लाकीच का?

मी भूगर्भशास्त्र शिकवतो. ज्वालामुखी म्हटले की सगळे व्हेसुव्हियस किंवा क्राकाटोआचे नाव घेतात, मग तुम्ही आइसलँडच्या लाकीपासूनच सुरुवात का करता, असे विद्यार्थी मला दर वर्षी विचारतात.

लाकीला उंच शंकू नव्हता. ८ जून १७८३ रोजी तिथली जमीन चिरली, भेग वाढत सुमारे २७ किलोमीटर लांब झाली आणि पुढचे आठ महिने तिच्यातून लाव्हा वाहत राहिला. आपल्या सह्याद्रीतले थरही असेच भेगांतून आलेल्या लाव्हाचे आहेत, त्यामुळे घाटातला कातळ दाखवून मला लाकी समजावता येते.

मात्र माणसांचा जीव घेतला तो वायूंनी आणि उपासमारीने. सुमारे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड हवेत गेला आणि त्याच्यासोबत आलेले फ्लोरिन कुरणांतल्या गवतावर बसले. योन स्टेइनग्रिम्सन या त्या भागातल्या धर्मगुरूने पुढचे बारकाईने लिहून ठेवले आहे: ते गवत खाल्लेल्या जनावरांच्या जबड्यांवर, बरगड्यांवर आणि सांध्यांवर गाठी आल्या. (यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत विहिरीच्या पाण्यातल्या जादा फ्लोराइडने मुलांच्या दातांवर डाग पडतात, तेव्हा मला ही नोंद हटकून आठवते.) बेटावरच्या सुमारे ८० टक्के मेंढ्या मेल्या, आणि मेंढ्यांच्या जिवावर जगणाऱ्या त्या देशातली जवळजवळ पाचवा हिस्सा माणसे दगावली. योनची पत्नीही १७८४ मध्ये गेली.

त्या उन्हाळ्यात कोरडा, गंधकाचा वास असलेला धुरका युरोपभर पसरला. तेव्हा फ्रान्समध्ये असलेल्या बेंजामिन फ्रँकलिन या अमेरिकन मुत्सद्दी-शास्त्रज्ञाने त्याचा आणि पाठोपाठच्या कडक हिवाळ्याचा संबंध आइसलँडच्या ज्वालामुखीशी असू शकेल, असा तर्क १७८४ मध्येच मांडला होता. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती नाईल. गंधकाच्या सूक्ष्म कणांनी ऊन अडवले, उत्तर गोलार्धातली जमीन पुरेशी तापली नाही, जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक कमी झाला आणि त्यावर चालणारा आफ्रिकेचा मान्सून मंदावला. ज्या पुरावर इजिप्तची शेती चाले, तो नाईलचा वार्षिक पूर पुरेसा आलाच नाही आणि ज्यांनी आइसलँडचे नावही ऐकले नसेल, अशा इजिप्तच्या शेतकऱ्यांवर दुष्काळ कोसळला.

याच सुमारास, विक्रम संवत १८४० मध्ये, उत्तर भारतात ‘चालिसा’ दुष्काळ पडला. काही अभ्यासक त्यातही लाकीचा हात पाहतात. तो काळ एल निनोचाही होता (प्रशांत महासागराचे पाणी तापते आणि आपला मान्सून अनेकदा कमजोर पडतो, ती स्थिती), त्यामुळे वर्गात मी चालिसाचा सगळा दोष लाकीच्या माथी मारत नाही. नाईलबद्दल मात्र मी ठामपणे बोलतो.