डोक्यावरची पिसं शाबूत होती

मार्चमधली रणरणती दुपार. सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या दवाखान्यात एक तरुण जोडपं खोक्यातून कॉकटील, म्हणजे तुरेवाला छोटा पोपट, घेऊन आलं. "मॅडम, अंगाला किडे झालेत. औषध द्या."

खोकं उघडलं आणि पोटात कालवलं. छाती पूर्ण उघडी, सोललेल्या कोंबडीसारखी. पंखांखाली तीच गत. डोक्यावरचा तुरा मात्र डौलात, गालांवरचे नारिंगी ठिपके जसेच्या तसे. तिथेच मला शंका आली. पक्ष्याची चोच अंगभर फिरते, स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचत नाही. हा आपली पिसं आपणच उपटत होता.

तरी उवा, कातडी, विष्ठा सगळं तपासलं. काही सापडलं नाही. मग विचारलं, "दुपारी घरी कोण असतं?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. ती बँकेत, तो कुपवाडच्या एमआयडीसीत. सकाळी नऊला कुलूप लागतं ते संध्याकाळी सातलाच निघतं. कॉकटील हा ऑस्ट्रेलियातला, थव्यानं राहणारा पक्षी. एकटा पाळला की घरातली माणसं हाच त्याचा थवा, आणि तो थवा रोज दहा तास गायब! घेताना यांनी रंग विचारला, बोलतो का ते विचारलं. नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो हे दुकानात कुणी सांगितलंच नव्हतं. मला राग येतो तो याचाच.

"जोडी आणू का?" तिनं विचारलं. डोळे भरले होते तिचे. मी म्हटलं, नव्याशी याचं जमेलच असं नाही. शिवाय हा माणसाच्या हातावर वाढलाय, त्याला घरात माणूस हवं.

दुसऱ्या दिवशी ते घरमालकीण काकूंना घेऊन आले. काकू दिवसभर घरात, खालच्याच मजल्यावर; कॉकटील त्यांच्याकडे द्यायचं मनात होतं. दमा आहे का, हे मी आधी विचारलं, कारण कॉकटीलच्या पिसांतून सतत पांढरी भुकटी झडते.

"दमा न्हाई, गुडघं दुखत्यात."

नॉनस्टिकची भांडी? तापून करपली की त्यांच्या वाफेनं पक्षी काही मिनिटांत दगावतो.

"माझा बिडाचा तवा हाय." मग हळूच, "पर डॉक्टर, त्यापरीस आपला हिरवा पोपट मिळंल का? विठू विठू करतो त्यो?"

नाही मिळणार, मिळाला तरी घेऊ नका, म्हणाले मी. आपले देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं 1972च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. सांगलीत कितीतरी घरांत हे अजूनही कुणाला पटत नाही.

त्या जोडप्याला मी झेब्रा फिंच या चिमुकल्या पक्ष्यांची जोडी सुचवली. लांबरुंद पिंजरा, राळे, पाणी, चोच घासायला समुद्रफेस. फिंच हातावर बसत नाहीत, माणसाची वाट बघत नाहीत, आपापल्यात रमतात. त्यांनी ती घेतली.

जूनच्या पहिल्या पावसात काकू पुन्हा आल्या. कॉकटीलच्या छातीवर पांढऱ्या वेष्टनातले बारीक कोंब फुटले होते, पेनाच्या रिफिलीसारखे. मधला रुपयाएवढा डाग अजून उघडाच होता; तिथं पिसं येतील याची खात्री मी दिली नाही. डोक्यावरही नवे कोंब होते. त्यानं मान खाली घातली आणि काकूंनी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत एकेक कोंब हलकेच चोळून मोकळा केला.

"हितं त्याची चोच पोचत न्हाई," त्या म्हणाल्या.