शेवटी फियाटच

गाडी घेतली म्हटलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. कितीला पडली आणि ॲव्हरेज किती देते. पहिल्याचं उत्तर मी ताठ मानेनं दिलं, नव्वद हजार. दुसऱ्याला "नऊ" म्हणालो, तर शेजारचे काका म्हणाले, "एकोणीस?" मी पुन्हा नऊ म्हणालो. मग दारुड्याच्या बायकोकडे बघतात तसं त्यांनी माझ्या बायकोकडे बघितलं.

गाडी म्हणजे २००३ ची फियाट पॅलिओ, १.६ जीटीएक्स. २००१ साली पॅलिओ बाजारात आली तेव्हा मी कॉलेजात होतो. रस्त्यावर मारुती ८०० चं राज्य होतं, तिची ताकद सदतीस हॉर्सपॉवर. जरा हौशी माणसाकडे झेन, तिची साठ. आणि त्यात ही हॅचबॅक सोळाशे सीसी, सोळा व्हॉल्व्ह आणि शंभर हॉर्सपॉवर घेऊन आली. जाहिरातीत सचिन. त्याच्या दहा नंबरावरून 'एस-टेन' नावाच्या मोजक्या गाड्याही निघाल्या. पुढे ब्रॅडमनच्या २९ शतकांची त्यानं बरोबरी केली तेव्हा फियाटनं त्याला भेट दिली ती मात्र फेरारी, तीही शूमाकरच्या हातून. जाहिरात पॅलिओची आणि घरी फेरारी, यावर आमच्या मेसमध्ये बरीच चर्चा झाली. आमच्या खिशात तेव्हा लोकलचा पास होता.

वीस वर्षांनी, २०२२ मध्ये, ती मला कल्याणला एका सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून उभी असलेली मिळाली. जुनी गाडी बघायला सकाळी जावं आणि मालकाला आधी सांगावं की सुरू करून ठेवू नका. थंड इंजिन खोटं बोलत नाही. सोबत आमचे मेकॅनिक, उस्ताद, होते. बॉनेटवर हात ठेवून ते गार असल्याची त्यांनी खात्री केली, ऑइलचं झाकण उघडून आतल्या बाजूनं बोट फिरवलं. तिथे सायीसारखा पांढरा फेस दिसला तर पाणी ऑइलमध्ये शिरतंय असं समजून घरी जायचं. फेस नव्हता. मग त्यांनी डिकीतला गालिचा उचलला, स्टेपनीच्या खड्ड्यात गंज शोधला, दारांच्या बिजागऱ्यांचे बोल्ट बघितले. बोल्टावर पान्याच्या खुणा असल्या की दार कधीतरी उतरलेलं असतं. ही सगळी तपासणी चालू असताना मी मात्र स्टिअरिंगमागे बसून होतो आणि दार उघडून पुन्हा पुन्हा लावत होतो. तो आवाज! हल्लीच्या गाड्यांची दारं डब्याच्या झाकणासारखी लागतात. हिचं दार तिजोरीसारखं लागतं. उस्ताद म्हणाले, "साहेब, भाव करायचाय अजून. जरा तोंड पाडून बसा."

आधीचा मालक हौशी होता. त्यानं गाडी खाली बसवायला स्प्रिंगा कापल्या होत्या, मागे तवा लावावा तसा स्पॉयलर लावला होता, सोळा इंची चाकं बसवली होती आणि सायलेन्सर काढून असा काही नळा जोडला होता की गाडी सुरू केली की तिसऱ्या मजल्यावरचं बाळ रडायला लागायचं. काचांवर काळी फिल्म, जिच्यावर सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्येच बंदी घातली आहे. त्यामुळे मी गाडीत काय काय मॉडिफाय केलं असं कुणी विचारलं तर खरं उत्तर असं, की आधीचं सगळं उपटून काढलं. लोक कंपनीची गाडी घेऊन तिला वेगळी करतात. मी एक वेगळी केलेली गाडी घेऊन तिला कंपनीची करतोय, आणि खर्च त्यांच्याइतकाच येतोय. मूळ सायलेन्सर, मूळ स्प्रिंगा, मूळ चाकांचा जोड, हे सगळं शोधण्यात आठ महिने गेले. स्पॉयलर मात्र फुकटात गेला. गल्लीतल्या एका पोरानं तो हात जोडून मागून नेला.

इतक्या जुन्या गाडीत इंजिनापेक्षा रबर दगा देतं. इंजिन लोखंडाचं, ते माणसासारखं कुरकुरत चालतं. रबराला वय कळतं. इंजिन माउंटिंग, लोअर आर्मचे बुश (सांध्यात बसवलेल्या कड्या), दाराची बीडिंग, होज पाइप, सगळं कडक होऊन चिरतं, गाडी चालवा नाहीतर उभी ठेवा. टायमिंग बेल्ट तर मी घेतल्या दिवशीच बदलला. आधीचा मालक म्हणत होता की "आत्ताच टाकलाय", पण 'आत्ताच' हा शब्द जुन्या गाडीच्या व्यवहारात दोन ते सहा वर्षं एवढा लांबतो. बेल्ट तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना भेटतात आणि मग आपली भेट कर्जवाल्याशी.

बाबांना गाडी दाखवली तेव्हा त्यांनी पुढचा बिल्ला बघितला आणि म्हणाले, "शेवटी फियाटच आणलीस." आमच्या घरात १९८४ ची पद्मिनी होती. स्टिअरिंगला गिअर, पुढे बाकासारखी सलग सीट, तिच्यावर आई, बाबा आणि मध्ये मी. पद्मिनी कुणी म्हणायचं नाही, सगळे फियाटच म्हणायचे. ती कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. आणि माझी पॅलिओही कुर्ल्याचीच. एकाच आवारातून दोघी बाहेर पडल्या, मध्ये वीसेक वर्षं गेली एवढंच. हे मला गाडी घेईपर्यंत माहीत नव्हतं. बाबांना माहीत होतं, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

२०२३ मध्ये माझ्या गाडीला वीस वर्षं झाली आणि पासिंगची वेळ आली. फी पाच हजार. आधी सहाशे होती, २०२२ च्या एप्रिलपासून वाढली. (२०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला दहा हजार केली. पुढच्या खेपेला आणखी काय असेल ते असो.) २०२३ च्याच ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. तीही २००३ चीच नोंदणी, पण टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. बाबांनी ती बातमी कापून ठेवली, का ते सांगितलं नाही. मी पासिंगचा कागद आणला तेव्हा तो घेऊन त्यांनी त्या कात्रणाशेजारी, त्याच फाइलीत लावला.

गेल्या पावसाळ्यात गिअर सापडेनासा झाला. दुसरा टाकायला जावं तर चौथा पडायचा. घाटात हे चालत नाही. माळशेज चढताना दुसऱ्यावर ही गाडी तीन हजारांच्या पुढे काटा गेला की जी उसळते, त्यासाठीच तर नऊचं ॲव्हरेज सोसायचं. उस्तादांनी खाली शिरून बघितलं आणि नखाएवढा प्लॅस्टिकचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. गिअर लिव्हरखालचा बुश. अर्धा झिजून सुपारीच्या खांडासारखा झालेला. "कुर्ल्याला मिळेल," ते म्हणाले.

म्हणून रविवारी बाबांना घेऊन कुर्ल्याला गेलो. सीएसटी रोडवरच्या त्या दुकानांत गाड्यांचे अवयव टांगलेले असतात. एका रांगेत नुसते आरसे, एकीत नुसती बंपरं, आणि प्रत्येक दुकानदार गाडीचं नाव निम्मं ऐकूनच मान हलवतो. चौथ्या दुकानात एक म्हातारे चाचा होते. त्यांनी झिजलेला तुकडा बोटांत फिरवला, आत गेले आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून तसाच एक काढून आणला. ऐंशी रुपये. मी घासाघीस करणार तेवढ्यात बाबांनी शंभराची नोट पुढे केली आणि चाचांना विचारलं, "इथं कारखान्यात होतात का कधी?" चाचा हसले. "मैं नहीं, मेरा भाई. पेंट शॉप में." मग दोघं बराच वेळ बोलत राहिले, मला बाजूला ठेवून. शेजारच्या गॅरेजातल्या पोरानं तोवर बुश बसवूनही दिला.

परतीला एलबीएस मार्गाला लागलो. बाबा म्हणाले, जरा हळू घे, इथेच कुठेतरी गेट होतं. मी हळू घेतली. डावीकडे दुकानं आणि टॉवर, आणि बाबा मान वळवून वळवून बघत होते. "इथे असेल," ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं, "नाही, पुढे असेल." थांबायला जागा नव्हती. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. मी दुसरा टाकला. पहिल्या झटक्यात पडला.

"सापडला?" बाबांनी विचारलं. ते गिअरबद्दल विचारत होते.