तुझं पोलेग काय?

नॉर्वेत ऑफिसचा लंच साडेअकराला आणि जवळपास सगळ्यांच्या डब्यात तेच, ब्रेडच्या उघड्या स्लाइस. वरून झाकायला दुसरी स्लाइस नाहीच, म्हणजे आपल्या हिशोबाने अर्धवट राहिलेलं सँडविच. पहिल्याच आठवड्यात शेजारी बसणाऱ्याने विचारलं, तुझं पोलेग काय? मी गप्प. मग कळलं, 'पो' म्हणजे वर आणि 'लेग' म्हणजे ठेवणं, तर ब्रेडवर जे काय ठेवाल ते पोलेग, मग चीज असो, सलामी असो, जॅम असो, नाहीतर टूथपेस्टसारखी ट्यूबमधून पिळायची ती माशाच्या अंड्यांची पेस्ट (चव लागायला मला दोन वर्षं लागली). इंग्रजीत सांगताना सगळे इथे अडतात, मी नाही अडले, कारण आमची आजी भाकरी वाढली की विचारायचीच, तोंडी लावायला काय देऊ? ठेचा, लोणचं, बुक्कीने फोडलेला कांदा, काहीही. तेच की हे! फक्त त्यांनी नाव ब्रेडच्या बाजूने पाडलं आणि आपण तोंडाच्या.

स्लाइस डब्यात एकावर एक रचल्या की पोलेग चिकटतं, म्हणून मध्ये घालायला ब्रेडच्या मापाचे कापलेले कागद मिळतात, त्यांचं नाव मेलॉमलेग्सपापीर, म्हणजे सरळ मध्ये-ठेवायचा-कागद. एवढुशा कागदाला एवढं नाव!

पण माझं लाडकं उस्तेहोवेल. उस्त म्हणजे चीज आणि होवेल म्हणजे चक्क सुताराचा रंधा. लिलेहामरच्या टूर ब्योर्क्लुंड नावाच्या सुताराने 1925 मध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज केला. तपकिरी चीजवरून तो ओढला की खरंच लाकडाची निघावी तशी पातळ कुरळी साल निघते, जिभेवर ठेवली तर कंदी पेढ्यात मीठ पडल्यासारखी लागते.

मध्यंतरी बिल्डिंगला पत्र आलं, वर ठळक अक्षरात 'पोलेग'. मला वाटलं कुठल्यातरी चीजची जाहिरात असेल, तर निघाली धुराडं दुरुस्त करून घ्या अशी नोटीस. सरकारी हुकमालाही हाच शब्द आहे म्हणे, वर ठेवणं म्हणजे आपलं लादणंच ते. आता एक पोलेग मॅग्नेटने फ्रिजच्या दारावर लावलंय आणि दुसरं आत, त्यातलं आतलं संपत आलंय.