तुम्ही विचारलेत म्हणून: व्हायोलिन कोठे गेले?

तुम्ही मूळचे व्हायोलिनवादक, मग आता वाद्यवृंदापुढे उभे राहून नुसती संचालकाची छडी का हलवता, असे प्रत्येक कार्यक्रमानंतर कोणीतरी विचारतेच. वयाचे आणि मनगटाचे कारण सांगून मी आजवर वेळ मारून नेली. दोन्ही कारणे खोटी नाहीत. पण व्हायोलिन सुटले ते त्यांच्यामुळे नव्हे.

पहिल्या व्हायोलिनच्या, म्हणजे प्रमुख व्हायोलिनवादकाच्या, जागेवर बसून वाजवता वाजवता हौशी वाद्यवृंद नुसत्या गजाने चालवता येतो, असे मी तेव्हा हट्टाने मानत असे. १७९१ साली लंडनमध्ये व्हायोलिनवादक सॉलोमनने संगीतकार हायडनच्या सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचना, तशाच चालवल्या, हा दाखला मी भेटेल त्याला ऐकवत असे. (हायडन स्वतः पियानोसारख्या कळवाद्याशी बसलेला असे, हे मात्र सोयीस्करपणे गाळत असे.)

मग आम्ही बीथोव्हनची पाचवी सिंफनी बसवायला घेतली. तिच्या त्या प्रसिद्ध चार सुरांच्या आधी अर्ध्या मात्रेची विश्रांती आहे. खूण त्या विश्रांतीवर पडते आणि वादकांनी शिरायचे असते ते तिच्या पाठोपाठ. छडीनेही हे दाखवणे अवघड आहे; मग ज्या हाताला लगेच तेच सूर वाजवायचे आहेत, त्या हातातल्या गजाने ते कसे साधणार? तालमीत जमत होते, कारण सगळे माझ्याकडे न पाहता एकमेकांकडे पाहत होते. कार्यक्रमात मी गज घाईने उचलला आणि दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेतल्या एका वयस्क वादकाने खुणेवरच सूर लावला. एकट्यानेच. सभागृहात हसू फुटले. मी सर्वांना थांबवले, त्यांच्याकडे वळलो आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "काका, विश्रांती मोजा." त्यांनी मान हलवली, शेवटपर्यंत अचूक वाजवले आणि पुढच्या तालमीपासून येणे बंद केले. चूक माझ्या खुणेची होती, हे मला त्या क्षणीही ठाऊक होते. त्यांना भेटायला मी गेलो, पण दीड वर्षाने.

त्यानंतर व्हायोलिन पेटीत गेले. वृंदासाठी हा त्याग केला, असे मी बरीच वर्षे सांगत आलो आणि त्यात तथ्यही आहे, कारण नवख्या वादकांना स्पष्ट खूण लागते. पण छडी कधी बेसूर लागत नाही, ही सोयही मला हवीच होती. यातले खरे कारण कोणते, ते अजून ठरत नाही.

तालमीआधी लहान मुलांची व्हायोलिने आजही मीच सुरात लावून देतो. तारा जुळल्यावरही माझा गज थोडा वेळ फिरतच राहतो आणि वाद्याची मालकीण हात पुढे करून उभी असते.